शांत दिवसांच्या नोंदी आणि एक महावादळ

हिंगणघाट हे नाव एकेकाळी थेट लिव्हरपूलच्या कापूसबाजारात घेतले जाई. वणा नदीकाठच्या आमच्या गावचा कापूस देशी वाणांत वरच्या प्रतीचा मानला जायचा आणि ‘हिंगणघाट’ याच नावाने त्याचा स्वतंत्र भाव निघायचा. इथल्या रुईच्या गाठी मुंबईत कुलाब्याच्या कॉटन ग्रीनवर जाऊन पडत. त्याच कुलाब्याच्या टोकाला, समुद्राच्या वाऱ्यात, एक सरकारी वेधशाळा होती. तिथे दोऱ्यांना टांगलेला एक लोहचुंबक होता आणि त्याची हालचाल दिवसरात्र वहीत उतरवून घेणारी माणसे होती. कापसाचा भाव ठरवणाऱ्यांना त्या वहीशी काही देणेघेणे नव्हते. पण आज जगातल्या कुठल्याही अवकाश-हवामान संस्थेत ‘सर्वांत मोठे सौरवादळ’ असा विषय निघाला, की त्या वहीतले आकडे पुढे येतात.

पृथ्वीभोवतीच्या चुंबकावरणाची, म्हणजे मॅग्नेटोस्फिअरची, गोष्ट सांगताना उपग्रह, रॉकेट, नासा यांची नावे निघतात. या गोष्टीचा एक मोठा तुकडा मात्र महाराष्ट्राच्या मातीत घडला आहे. त्यातली माणसे बरीचशी आपलीच आहेत आणि त्यांचे किस्से मराठीत पुरेसे सांगितले गेलेले नाहीत.

हिंगणघाटला थांबलेला कर्नल

सुरुवात आमच्याच गावापासून करतो. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला एका इंग्रज अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन हे त्याचे नाव. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा जनक. १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी त्याने पहिली पायारेषा मोजायला घेतली. पुढची वीस वर्षे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो दक्षिणेतून वर सरकत होता. हैदराबादहून नागपूरला निघालेला असताना आमच्या गावात त्याची वाटचाल थांबली. त्याची कबर इथेच आहे.

लॅम्बटनचा एक किस्सा सर्वेक्षणवाले आजही सांगतात. त्याच्याकडे सुमारे अर्ध्या टनाचा भला मोठा थिओडोलाइट होता. १८०८ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर तो चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. कोन मोजायची वर्तुळाकार पट्टी वाकली. दुसरा कोणी असता तर इंग्लंडला पत्र पाठवून नव्या यंत्राची वाट पाहत बसला असता. लॅम्बटनने यंत्र तंबूत नेले आणि काही आठवडे स्वतःला तिथेच कोंडून घेतले. पाचरी ठोकत, स्क्रू आवळत, केसाकेसाने ती पट्टी त्याने पुन्हा गोल केली आणि त्याच यंत्राने पुढचे काम चालू ठेवले.

लॅम्बटन पृथ्वीचा आकार मोजत होता, चुंबकत्व हा त्याचा विषय नव्हता. तरी त्याला या लेखात आणले, कारण पृथ्वीचे मोजमाप म्हणजे नेमके काय असते ते या माणसाकडे पाहून कळते. मोजणाऱ्याने आयुष्य संपवायचे आणि मोजमाप पुढच्याच्या हातात द्यायचे. त्याच्यामागे जॉर्ज एव्हरेस्टने ते काम हिमालयापर्यंत नेले. कुलाब्यालाही पुढे हेच झाले.

बाळशास्त्री, केरूनाना आणि गटिंगेनची वेळ

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये खगोल आणि कालमापनासाठी सुरू केली. चुंबकीय वेध १८४१ पासून सुरू झाले, तेही एका जागतिक मोहिमेचा भाग म्हणून. चुंबकसुई अधूनमधून एकाएकी का थरथरते, हे कोडे जर्मनीत हुम्बोल्ट आणि गाउस या शास्त्रज्ञांना पडले होते. ते एका ठिकाणी बसून सुटणारे नव्हते. म्हणून जगभरच्या केंद्रांनी ठरलेल्या दिवशी, गाउसच्या गटिंगेन गावच्या घड्याळाप्रमाणे, एकाच क्षणी वेध घ्यावेत अशी योजना झाली. कंपनी सरकारने त्यासाठी सिमला, मद्रास, सिंगापूर आणि मुंबई ही ठाणी निवडली.

मुंबईचे काम एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेतले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्याकडे आले. त्यांच्या आसपास कोण होते ते पाहा. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि खगोल शिकवत. त्यांच्याकडे काही काळ कुलाबा वेधशाळेची जबाबदारीही होती. मराठी वृत्तपत्रसृष्टीचा पाया घालणारा माणूस चुंबकीय वेधांवर देखरेख करत होता, हे आपल्या पत्रकार दिनाच्या भाषणांत क्वचितच येते.

दुसरे नाव केरो लक्ष्मण छत्रे यांचे. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा विशीही गाठण्याआधी वेधशाळेत साहाय्यक म्हणून लागला आणि सुमारे दहा वर्षे तिथे राहिला. पुढे पुण्याला गणिताचे प्राध्यापक झाल्यावर ‘केरूनाना’ म्हणून ते नावाजले. टिळक डेक्कन कॉलेजात त्यांचे विद्यार्थी होते. १८६० साली त्यांचे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध झाले. आकडा जसा दिसला तसाच लिहायचा, सोयीचा करून लिहायचा नाही, ही वेधशाळेची पहिली शिस्त असते. ज्या वयात हात घडतो त्या वयात केरूनाना या शिस्तीत होते.

काम दिसायला अगदी साधे. एक चुंबकपट्टी दोन समांतर दोऱ्यांनी आडवी टांगलेली. तिच्यावर छोटा आरसा. काही फुटांवर दुर्बीण आणि मोजपट्टी. पट्टी किंचित वळली की आरशातून दिसणारा मोजपट्टीचा आकडा सरकतो. वेध घेणाऱ्याने तासाच्या ठोक्याला दुर्बिणीला डोळा लावायचा, आकडा वाचायचा, लिहायचा. १८४६ पासून ही नोंद अखंड मालिका म्हणून चालू झाली. एका दिवसाचे पान दुसऱ्या दिवसासारखेच दिसायचे. असे हजारो दिवस गेले.

आकाशात नेमके काय चालते

पुढच्या किस्स्याआधी शास्त्र थोडक्यात पाहू. सूर्यातून भारित कणांचा, म्हणजे प्लाझ्माचा, झोत सतत बाहेर पडत असतो. याला सौरवारा म्हणतात. एरवी त्याचा वेग सेकंदाला चारशे किलोमीटरच्या आसपास. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवते. वणेला पूर आला की पुलाच्या खांबापाशी पाणी दुभंगते, दोन्ही बाजूंनी वळसा घेते आणि खांबामागे लांबवर भोवरे सोडत जाते. इथेही तसेच घडते. सूर्याकडच्या बाजूला चुंबकावरण साधारण साठ हजार किलोमीटरवर दाबून धरलेले असते आणि मागे त्याची शेपटी लाखो किलोमीटर ताणली जाते.

सौरवाऱ्याबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही येते. त्याची दिशा दक्षिणेकडे असली, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट, तर दोन्हींच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि दार उघडते. ऊर्जा आत येऊन शेपटीत साठते. तिथेही रेषा तुटतात, पुन्हा जुळतात आणि प्लाझ्माचे लोट पृथ्वीकडे उलटे फेकले जातात. त्यातले काही कण ध्रुवाजवळच्या हवेवर आदळून रंगीत प्रकाश, म्हणजे अरोरा, उमटवतात. बाकीचे पृथ्वीला वेढा घालतात. धन कण पश्चिमेकडे, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे. मिळून पृथ्वीभोवती पश्चिमेकडे वाहणारा विजेचा एक प्रचंड वलयी प्रवाह तयार होतो.

या वलयी प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र जमिनीवर पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध पडते, म्हणून वादळात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा जोर घटतो. किती घटला, त्यावर वादळ किती मोठे ते ठरते. ध्रुवाजवळ अरोराच्या प्रवाहांचा गोंधळ फार असतो, तर चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा वातावरणाच्या वरच्या थरात विजेचा वेगळाच पट्टा वाहतो. कुलाबा या दोन्हींपासून दूर आहे. वलयी प्रवाह मोजायला अशी जागा फार उपयोगी.

२ सप्टेंबर १८५९, शुक्रवार

१ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत होते. ग्रिनिच वेळेप्रमाणे अकरा वाजून अठरा मिनिटांनी डागांच्या समूहावर दोन पांढरे शुभ्र प्रकाश चमकले आणि पाचएक मिनिटांत विझले. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते.

सुमारे साडेसतरा तासांनी त्या स्फोटाबरोबर सूर्यावरून निघालेला प्लाझ्माचा लोट पृथ्वीवर आदळला. सूर्यापासूनचे पंधरा कोटी किलोमीटर अंतर त्याने सेकंदाला सरासरी दोन हजारांहून जास्त किलोमीटर वेगाने कापले होते. मुंबईत शुक्रवारची सकाळ होती, दहा वाजायला आले होते.

लंडनजवळ क्यू आणि ग्रिनिचच्या वेधशाळांत तेव्हा स्वयंचलित यंत्रे होती. छायाचित्राच्या कागदावर प्रकाशाची रेघ आपोआप उमटत असे. त्या दिवशी रेघ कागदाबाहेर गेली. वादळ यंत्राच्या पट्टीत मावले नाही. कुलाब्यात माणसाचा डोळा होता. एरवी तासातासाने वाचन व्हायचे. पण आकडा भराभर घसरतो आहे हे दिसताच वेध घेणाऱ्यांनी तासाची वाट पाहणे सोडले. पंधरा-पंधरा मिनिटांनी, मग पाच-पाच मिनिटांनी त्यांनी वाचने घेतली. अकराच्या सुमारास क्षेत्राचा आडवा जोर सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली आला होता. मुंबईत शांत दिवशी हा आकडा दिवसभरात पन्नास-साठने खालीवर होतो. म्हणजे आडव्या क्षेत्राचा जवळपास चार टक्के भाग तास-दीड तासात नाहीसा झाला होता.

त्याच वादळात अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि नुसत्या आकाशातून आलेल्या विजेवर एकमेकांना संदेश पाठवले. ती गोष्ट जगभर गाजली. कुलाब्याच्या नोंदी मात्र सरकारी खंडात छापल्या जाऊन कपाटात गेल्या.

मुंबईवर दिसलेला ध्रुवीय प्रकाश

४ फेब्रुवारी १८७२, रविवार. त्या रात्री मुंबईच्या आकाशात अरोरा दिसल्याची नोंद आहे. नॉर्वे, आइसलंडमध्ये दिसणारा ध्रुवीय प्रकाश, आणि तो मुंबईत! समुद्राखालून एडनकडे जाणाऱ्या तारांतही त्या वेळी गडबड झाली. अरोरा इतक्या खालच्या अक्षांशावर दिसल्याच्या नोंदी जगात मोजक्या आहेत. ‘लोकांना भास झाला असेल’ असे म्हणून ती उडवून लावता आली असती. पण कुलाब्याच्या चुंबकांनीही त्याच वादळाची नोंद केली होती. डोळ्यांनी पाहिलेले आणि चुंबकाने सांगितलेले एकमेकांशी जुळले, म्हणून ही घटना आज शास्त्रज्ञ गंभीरपणे अभ्यासतात.

मूस साहेब आणि विजेची ट्राम

१८९६ मध्ये नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस वेधशाळेचे संचालक झाले. कायमस्वरूपी या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. जन्म १८५९ चा, म्हणजे महावादळाच्याच वर्षाचा. थोड्याच वर्षांत त्यांच्यापुढे संकट उभे राहिले. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार होत्या. शहराला आनंद झाला आणि वेधशाळेला घोर लागला. ट्रामच्या रुळांतून आणि जमिनीतून वाहणाऱ्या विजेचे चुंबकीय क्षेत्र कुलाब्याच्या नाजूक यंत्रांवर पडणार होते. मग सूर्याचे वादळ कुठले आणि ट्रामची फेरी कुठली, हे कोण सांगणार?

ट्राम थांबवा असा हट्ट मूस यांनी धरला नाही. त्यांनी खाडीपलीकडे, सुमारे तीस किलोमीटरवर, अलिबाग निवडले. तिथली इमारत चुंबकीय गुणधर्म नसलेल्या पोरबंदरी दगडात बांधली गेली. बिजागरी, खिळा, कडी, कुठेही लोखंड नाही. ही जागा केरूनानांच्या नागावपासून जवळच आहे, हा योगायोगच.

मूस यांचे खरे मोठेपण पुढच्या निर्णयात आहे. एप्रिल १९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या, पण कुलाबा लगेच बंद केले नाही. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले. दोन जागांच्या आकड्यांत किती फरक पडतो ते नेमके कळले आणि जुनी मालिका नव्या मालिकेला सांधता आली. १९०६ मध्ये कुलाब्याचे चुंबकीय वेध थांबले, मे १९०७ मध्ये मुंबईत पहिली विजेची ट्राम धावली. नोंदीत एका दिवसाचीही फट पडली नाही. १८४६ पासून आजपर्यंत चालत आलेली इतकी लांब मालिका जगात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि तिचे श्रेय या दोन वर्षांच्या दुहेरी कष्टांना आहे.

१९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी आणि त्यांचे विवेचन दोन भागांत प्रसिद्ध केले. चुंबकीय वादळाचे सर्वसाधारण रूप कसे असते, आधी उसळी, मग मोठी घसरण, मग सावकाश पूर्वपदावर येणे, हे त्यांनी आकड्यांतून मांडले. या विषयाचे पुढचे मोठे नाव सिडनी चॅपमन. त्यांनीही मूस यांच्या या कामाचा आधार घेतला.

कपाटातून बाहेर आलेले खंड

कुलाबा-अलिबागचे काम पुढे चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था १९७१ मध्ये स्वतंत्र झाली. तिचे मुख्यालय आज नवीन पनवेलला आहे. २००३ साली तिथले गुरबक्ष लखिना आणि शोभना ॲलेक्स यांनी अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी आणि ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह १८५९ च्या वादळावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. आधार होता कुलाब्याच्या जुन्या छापील नोंदींचा. जुन्या मापांतले आकडे आजच्या एककांत आणले आणि तो १,६०० चा कडा आलेखावर उभा राहिला. त्यावरून वादळाची तीव्रता उणे १,७६० नॅनोटेस्ला असावी असा अंदाज त्यांनी मांडला. तुलना करायची तर १३ मार्च १९८९ च्या ज्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातली साठ लाख माणसे नऊ तास अंधारात ठेवली, त्याची तीव्रता उणे ५८९ होती.

वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. इतकी खोल आणि इतकी झटपट घसरण नुसत्या वलयी प्रवाहाने होईल का? दिवसाच्या बाजूला, वरच्या वातावरणातल्या प्रवाहांचाही त्यात हात असेल, असे काहींनी दाखवून दिले. तासाची सरासरी घेतली तर तीव्रता उणे नऊशेच्या आसपास येते. जपानचे हिसाशी हायाकावा आणि त्यांचे सहकारी, त्यांत भारतीयही आहेत, यांनी अलीकडे कुलाब्याच्या नोंदी पुन्हा तपासल्या. दीडशेहून अधिक वर्षांनी जगभरचे लोक त्या सकाळच्या पाच-पाच मिनिटांवर वाद घालतात, यातच त्या वाचनांची किंमत कळते.

आजचे वेध

आज अलिबागसह देशभर या संस्थेची केंद्रे आहेत. आमच्यापासून सर्वांत जवळचे नागपूरला. यंत्रे डिजिटल झाली, तरी हाताने घ्यायचे वेध थांबलेले नाहीत, कारण यंत्राचा शून्य सरकला की नाही हे माणसालाच तपासावे लागते. असा वेध घेणारा खोलीत शिरण्याआधी खिसे रिकामे करतो. किल्ल्या, मोबाइल, घड्याळ, पट्ट्याचे बक्कल, चष्म्याची पोलादी काडी, सगळे बाहेर. अंगावरचे मूठभर लोखंडसुद्धा आकडा बिघडवू शकते. वादळाचा जागतिक निर्देशांक काढायला ज्या मोजक्या वेधशाळांचे आकडे लागतात, त्यांत अलिबाग आहे.

आकाशात भारताचे ‘आदित्य-एल१’ आहे. २ सप्टेंबर २०२३ ला निघून ६ जानेवारी २०२४ ला, म्हणजे ‘दर्पण’च्या वाढदिवशी, ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या जागी पोचले. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाने बनवली आहे. सौरवारा आधी त्याच्यापाशी पोचतो आणि मग आपल्याकडे. मिळणारी सूचना साधारण तासाभराची, मोठ्या वादळात त्याहून कमी.

१० आणि ११ मे २०२४ ला वीस वर्षांतले सर्वांत मोठे वादळ आले. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल झाक कॅमेऱ्यांनी टिपली. अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर शेतकऱ्यांना थांबवावे लागले. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये मध्यम वादळातही स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ उपग्रह गमवावे लागले होते. आपली वीजवाहिनी, बँक, मोबाइल, रेल्वे, उद्याची यंत्रशेती हे सारे त्याच चुंबकावरणाच्या आश्रयाला आहे. १८५९ सारखे वादळ आज आले तर काय होईल, याचा हिशेब मांडताना पहिला आकडा कुलाब्याचाच घ्यावा लागतो.

एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. १,६०० हा आकडा फक्त २ सप्टेंबरच्या वाचनांतून निघालेला नाही. खाली किती गेला, हे आधी कुठे होता ते माहीत असल्याशिवाय कळत नाही. ते कळले, कारण त्याआधी तेरा वर्षे, काहीही घडत नसताना, कुणीतरी तासातासाला दुर्बिणीला डोळा लावत होते. वादळाचे मोल शांत दिवसांच्या नोंदींनी ठरवले.

म्हणून हिंगणघाटच्या आणि जिल्ह्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. शाळेत एक नोंदवही सुरू करा. रोजचा पाऊस, सकाळ-दुपारचे तापमान, वणेची पाणीपातळी, जे जमेल ते ठरल्या वेळी मुलांकडून लिहून घ्या, आणि एक तुकडी बाहेर पडली की वही पुढच्या तुकडीच्या हाती द्या. ज्या दिवशी काहीच घडले नाही, त्या दिवसाचे पान मात्र कोरे सोडू नका.